लदेणी सुटली, तांडा बसला

वाशीम जिल्ह्यात ‘तांडा’ म्हणजे आज एक वस्ती. एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या पाटीवर, मतदार यादीत हा शब्द गावाच्या नावाला जोडून येतो. दोनशे वर्षांपूर्वी मात्र तांडा एका जागी सापडत नसे. शेकडो, कधी हजारो लादलेले बैल, पुढे नायक, मागे बायका-मुले, म्हातारी माणसे, राखणीची कुत्री, असा चालता लमाणी काफिला म्हणजे तांडा. बैल गेले, माणसे स्थिरावली, नाव तेवढे राहिले. मानोरा, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांच्या डोंगरकडांवर आणि दक्षिणेला पुसदच्या बाजूने पसरलेल्या या वस्त्या म्हणजे एका व्यापारी जमातीने वऱ्हाडात केलेला शेवटचा मुक्काम आहे.

हा समाज स्वतःला ‘गोर’ म्हणवतो, आपल्या बोलीला गोरमाटी म्हणतो आणि समाजाबाहेरच्या माणसाला ‘कोर’. बाहेरच्यांनी दिलेली नावे धंद्यावरून पडली. लवण वाहणारा तो लमाण, वणज करणारा तो बंजारा, अशी व्युत्पत्ती सांगतात. वंजारी हे नावही त्याच मुळाचे दिसते. पण महाराष्ट्रातला वंजारी समाज वेगळा, त्याची बोली मराठी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी या दोघांची जी सरमिसळ करून ठेवली, ती निस्तरताना वाचकाची अजूनही दमछाक होते. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे ही तांड्यातली प्रमुख कुळे. आडनावे ऐकून परका माणूस चकतो. गावातला चव्हाण आणि तांड्यातला चव्हाण यांचा नातेसंबंध नसतो.

बोली मात्र पत्ता सांगते. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने हिंदुस्थानच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या खंडात बंजारी किंवा लभाणीला राजस्थानी-गुजरातीच्या शेजारी बसवले. आईला याडी, भाकरीला बाटी म्हणणारी ही बोली मराठीच्या पोटातली नाही. ती वाटेवरच्या भाषांचे शब्द उचलत दख्खनेत आली. युरोपातल्या रोमा लोकांशी बंजाऱ्यांचे नाते जोडण्याची हौस अधूनमधून उफाळते. रोमांची भाषा मूळ हिंदुस्थानातली हे अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय अभ्यासकांनी दाखवले, हे खरे. पण ते लोक हजारेक वर्षांपूर्वी बाहेर पडले आणि गोरमाटी तर आजही मारवाडी कानाला जवळची वाटते. दोघांचे भटकेपण सारखे म्हणून कूळ एक, हे अनुमान फार घाईचे आहे.

दख्खनेत येण्याची जी कथा वऱ्हाडातल्या चारण शाखेच्या बंजाऱ्यांत चालत आली ती फौजेची आहे. शहाजहानच्या दख्खन मोहिमेत, १६३०च्या सुमारास, वजीर आसफखानाच्या सैन्याला धान्य पुरवण्यासाठी भंगी आणि जंगी हे दोन नायक १ लाख ८० हजार बैल घेऊन आले आणि त्यांच्याबरोबर भगवानदास वडत्याचे ५२ हजार बैल होते, असे ती सांगते. आसफखानाने त्यांना पाणी, चारा आणि छपराचे गवत घेण्याची मुभा सोन्याच्या अक्षरांत ताम्रपटावर कोरून दिली, असाही तिचा पुढचा भाग आहे. आकडे परंपरेचे आहेत, ते तसेच घ्यावेत. पण ते अगदीच हवेतले नसावेत: १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात धान्य वाहणारा एकच तांडा भेटला, त्यात त्याने १४ हजार बैल नोंदवले. ही सारी कथा एकोणिसाव्या शतकात लिहून काढली ती वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज या अधिकाऱ्याने. त्याची पुस्तिका १८८२ साली निघाली आणि पुढे रसेल व हिरालाल यांनी १९१६च्या आपल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात बंजाऱ्यांवरचे प्रकरण मुख्यतः तिच्याच आधारे रचले. एखाद्या समाजाचा सविस्तर वृत्तान्त पोलिसाच्या हातून लिहिला जावा, यातच पुढच्या काळाची चाहूल होती.

बैलांवरच्या या मालवाहतुकीला तांड्यात ‘लदेणी’ म्हणतात. तिचे गणित साधे होते. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोणीत माल भरायचा आणि वाटेवरच्या गवतावर बैल चारत चारत पुढे न्यायचा. चाऱ्याला पैसा पडत नसे, म्हणून भाडे स्वस्त; चरत चालायचे, म्हणून वेग कमी. दिवसाला सहा-सात मैल झाले तर पुष्कळ. किनाऱ्याकडून मीठ आत यायचे, आतले धान्य आणि कापूस बाहेर जायचा. नदीतून मालाची ने-आण करण्याची सोय दख्खनच्या पठारावर नाही, गाडीरस्ते थोडे आणि तेही पावसाळ्यात बुडालेले. त्यामुळे आगगाडी येईपर्यंत जड मालाला लमाणाशिवाय दुसरा वाली नव्हता. फौजांचे तर अडतच असे. १८०३ साली असई, आडगाव आणि गाविलगडच्या लढायांच्या काळात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या बैलांची काळजी वारंवार येते. दोन्ही बाजूंच्या सैन्याला धान्य विकणारा हा माणूस लढाईत बहुधा सुरक्षित असे. त्याला लुटले तर उद्या पोट कोणाकडे न्यायचे हे प्रत्येक सरदाराला कळत होते.

तांड्याच्या पुढे एक बैल मोकळ्या पाठीने चाले. तो हातड्या. देवाच्या नावाने सोडलेला, म्हणून त्याच्यावर कधी ओझे चढत नसे. अंगावर लाल रेशमी झूल, कवड्यांच्या माळा, गळ्यात आणि पायांत पितळी घुंगरे, झुपके. तो संध्याकाळी जिथे थांबेल तिथे तांड्याचा तळ पडे, आणि माणूस किंवा जनावर आजारी पडले तर त्याच्यापुढे नवस बोलला जाई. यात भाबडेपणा दिसेल, पण मुक्कामाची जागा बैलाने निवडावी यात व्यवहारही आहे: दिवसभर चाललेला जुना जाणता बैल पाणी आणि गवत सोडून भलतीकडे थांबत नाही.

लदेणीने या समाजाला मुलखाची जी ओळख करून दिली ती वाटेची ओळख होती. वऱ्हाडचे जुने दोन भाग, पूर्णेच्या खोऱ्याचा पयानघाट आणि त्याच्या दक्षिणेचा, वर चढून येणारा बालाघाट. वाशीम या बालाघाटात. खालच्या कापसाच्या मुलखातून मराठवाड्याकडे, हैदराबादकडे जायचे तर ही चढण ओलांडावी लागे. कोणती घाटवाट लादलेल्या बैलाला झेपते, कोणत्या नाल्यात चैत्रातही झिरा सापडतो, पैनगंगेला उतार कुठे आणि अडाण-अरुणावतीच्या काठी रान किती दाट, हे नायकाला पाठ असे. मातीचे मात्र एकच ज्ञान त्याला लागे: मृग लागला की काळी जमीन बैलाचा पाय धरते. म्हणून पावसाळ्यापुरता तांडा थांबे. थांबायची जागा उंचावरची, मुरमाड, रानाला लागून आणि गावापासून थोडी दूर. गुरांना चरायला कुरण हवे आणि गावाच्या पिकात तोंड घातल्याची कटकट नको. दरवर्षी त्याच डोंगरकडेला ही चार महिन्यांची खोपटी पडत. आजच्या तांड्यांची जागा पाहिली की हाच हिशेब दिसतो.

पण वाशीमच्या मुलखात तांड्याचा पहिला कायमचा पत्ता घराचा नव्हता, समाधीचा होता. संत सेवालाल महाराज, तांड्याच्या भाषेत सेवाभाया, यांचा जन्म परंपरेने १५ फेब्रुवारी १७३९चा मानतात. वडील भीमा नाईक, आई धर्मणी. स्वतः लदेणी करणाऱ्या घराण्यातले, जगदंबेचे भक्त, आणि चालत्या समाजाला चालता चालताच आचाराचे नियम सांगणारे. १८०६ साली त्यांनी देह ठेवला आणि मानोरा तालुक्यातल्या पोहरा येथे त्यांची समाधी झाली. तिथे जगदंबेचे देऊळ आहे. शेजारच्या उमरीलाही समाजाचे श्रद्धास्थान आहे. कर्नाटकापासून तेलंगणापर्यंत विखुरलेला समाज पोहरादेवीला आपली काशी मानतो आणि रामनवमीला तिथे जमतो. दक्षिणेतल्या तांड्यांना वाशीम जिल्ह्याची दुसरी काही माहिती नसेल, पण पोहरागड ठाऊक असतो.

लदेणी मोडली ती एका दिवसात नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. त्याच वर्षी मुंबईहून पहिली आगगाडी सुटली. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरला कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो बंदरावर नेण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७मध्ये नागपूरला पोहोचला. बैलाला जी वाट महिन्यांची, ती गाडीला दिवसांची झाली. वाशीमचे पठार या मार्गापासून दक्षिणेला राहिले, त्यामुळे इथल्या लमाणांना आणखी काही वर्षे काम मिळाले: वरच्या बाजारांतून माल स्टेशनापर्यंत उतरवण्याचे. मग पक्के रस्ते झाले, बैलबंड्या वाढल्या, विसाव्या शतकाच्या आरंभी कारंज्यावरून यवतमाळला जाणारी छोटी गाडी सुरू झाली, आणि हेही काम संपले. मीठ आता वाघिणीतून येऊ लागले. ज्याच्या नावातच मीठ, त्याला ते दुकानातून विकत घेण्याची पाळी आली.

धंदा गेलेल्या चालत्या माणसाकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत होते हे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात लिहिलेले आहे. पुढे १९११ आणि १९२४ साली तो अधिक कडक झाला आणि अनेक प्रांतांत बंजाऱ्यांच्या गटांवर लावला गेला. कालपर्यंत ज्याच्या बैलांवर फौजा जगल्या, त्याचे फिरणे हाच पुरावा ठरला. एकीकडे हा धाक, दुसरीकडे वऱ्हाडात १८६०नंतर सुरू झालेली रयतवारी मोजणी: पडीक जमिनीचे नंबर पाडून जो कसेल आणि सारा भरेल त्याच्या नावे ती करण्याची पद्धत. तांड्याने थांबावे यासाठी मागून रेटा होता आणि पुढे जागा होती. अनेक पावसाळी मुक्काम मग उठलेच नाहीत.

इथून मुलखाची दुसरी ओळख सुरू झाली, आणि ती पहिलीपेक्षा फार अवघड निघाली. वाट माहीत असणे वेगळे, वावर माहीत असणे वेगळे. चांगली काळी जमीन खोऱ्यातल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या धरलेली. तांड्याच्या वाट्याला आली ती बरड: दगडगोटे, पातळ माती, उतार, पळसाची आणि बोरीची झुडपे. झाडोरा तोडायचा, दगड वेचून धुऱ्यावर रचायचे आणि दोन-तीन पावसाळे माती जिरवत ठेवायची, तेव्हा कुठे ज्वारी उभी राहणार. बैल ओळखण्यात बंजाऱ्याचा हात कोणी धरला नसता. पण गोण वाहणारा बैल वेगळा आणि वखराला जुंपलेला वेगळा. एकट्याने वाटेने चालण्याची सवय असलेल्या जनावराला जोडीने सरळ तासात चालायला शिकवावे लागे. तिफण केव्हा लावायची, डवरणीच्या दोन पाळ्यांत अंतर किती, पऱ्हाटीत तूर कितव्या तासाला टाकायची, हे ज्ञान गावात कुणब्याकडे होते. ते मिळवण्याचा मार्ग बहुधा सालदारकीचा. वर्षाच्या ठरावाने गावातल्या शेतकऱ्याकडे राबायचे, त्याच्या वावरात हात बसवायचा आणि उरल्या वेळात आपली बरड फोडायची. दोन समाजांची ओळख अशी बांधावर झाली, आणि ती बरोबरीची नव्हती.

कागदाची ओळख त्याहून कठीण. तांड्याचा कायदा तोंडी होता. नायक, त्याच्या हाताखाली कारभारी, आणि भांडण आले की ‘नसाब’ बसे. चर्चा ऐकायला सारा तांडा, दंडही तिथेच आणि समेटही तिथेच. आता हद्द पटवाऱ्याच्या नकाशावर होती. जंगल राखीव झाले, तेव्हा ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरली तिथे चराईचा पास लागू लागला आणि जंगल खात्याचा गार्ड हा तांड्याच्या आयुष्यातला नवा माणूस झाला. वर्षानुवर्षे कसलेली जमीन नावावर नाही, तांडा गावठाणात नाही, तो ज्या गावाला जोडला त्या गावच्या दप्तरात एक शेपूट म्हणून नोंदलेला, ही तक्रार तेव्हाची आहे आणि पुष्कळ ठिकाणी आजचीही. काही नायकांना मात्र नव्या व्यवस्थेचे वारे लवकर कळले. पुसद तालुक्यातले गहुली हे अशा स्थिरावलेल्या नायक घराण्याने वसवलेले गाव. तिथे १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. त्यांच्या जन्माच्या आठच वर्षे आधी, १९०५पर्यंत, पुसद हा जुन्या बाशीम जिल्ह्याचाच तालुका होता. त्या वर्षी तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळकडे गेले. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेला हा माणूस शेतीचा जाणकार म्हणून ओळखला गेला आणि त्याचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन झाला. ज्यांच्या पणजोबाला तिफण परकी होती त्या समाजाच्या दृष्टीने हा प्रवास लांबचा म्हणावा लागेल. अकोल्यातून फुटून आजचा वाशीम जिल्हा झाला तोही १ जुलैलाच, १९९८ साली.

स्थिरावण्याने सणांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे, कारण तिथे जुने आणि नवे सहज वेगळे काढता येत नाही. श्रावणात तांड्यातल्या कुमारिका तीज बसवतात. बांबूच्या लहान टोपल्यांत रानातली माती आणि शेणखत भरून त्यात गहू पेरायचे, रोज गाणी म्हणत पाणी घालायचे, आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास वाढलेली पोपटी रोपे उपटून मानाने वाटायची, उरलेली पाण्यात सोडायची. जो समाज पेरत नव्हता त्याच्या मुली टोपलीत पेरत होत्या. शेत चालत्या माणसाला न्यायचे तर ते टोपलीतच न्यावे लागते. आता तांड्याभोवती खरीप उभा असतो, तरी टोपली सुटलेली नाही. दिवाळीच्या अमावास्येला मुली हातात दिवा घेऊन घरोघर ‘मेरा’ मागतात. होळीला लेंगी गातात आणि वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा ‘धुंड’ करतात. मूल जन्मले कुठल्याही मुक्कामावर, त्याची समाजात नोंद होई ती होळीला, जेव्हा सारे एकत्र असत. जन्मदाखल्याच्या काळात तो विधी हौसेचा झाला आहे. पोळा मात्र तांड्याने गावाकडून घेतला, आणि बैलांचा सण म्हटल्यावर तो घेताना अडचण पडली नसावी.

वेश बदलला तो बायकांचा सर्वांत शेवटी. आरसे आणि कवड्या टाचलेला फेट्या, पाठीवर बंदांची काचळी, दंडावर हाडाच्या किंवा हस्तिदंती बलिया, केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या आणि टोपल्या, हे सारे आता मानोऱ्याच्या बाजारात म्हाताऱ्या बायकांच्याच अंगावर दिसते. गोणीवर जे भरतकाम होई तेच काचळीवर उतरले. टाका एकच होता, कापड वेगळे. भाषेच्या बाबतीत तांडा तीन मजल्यांवर राहतो: घरात गोरमाटी, गावात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. त्यामुळे पोहऱ्याला भेटलेली तीन राज्यांतली माणसे बोलून एकमेकांना समजतात, लिहून नाही. मराठीत या जगण्याचे चित्र आत्माराम कनिराम राठोड यांच्या ‘तांडा’ या आत्मकथनाने आणले.

सरकारदरबारी तर ही राज्याराज्यांतली विभागणी अधिकच ठळक आहे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्यातून सुटलेल्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. लदेणीच्या काळात एकाच तांड्याने ओलांडलेल्या तीन मुलखांत एकाच कुळाचे तीन प्रवर्ग झाले. हे तिन्ही जिथे एकत्र येतात त्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. चार मजले, तेरा दालने, आणि इमारतीचा आकार नंगाऱ्याचा, म्हणजे पूर्वी तांड्याला गोळा करणाऱ्या नगाऱ्याचा.

संग्रहालय झाले, तरी बरडीच्या शेतीत वर्ष निघत नाही. कोरडवाहू सोयाबीन आणि तूर घरात आली की दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या कित्येक तांड्यांतून माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता आणि संसार ट्रकात चढतो, घरी म्हातारी माणसे, शाळेतली काही मुले आणि गुरे राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. कारखान्याच्या तळावर फडाच्या कडेला पाचटाची खोपटी पडतात, पाण्याजवळ आणि गावापासून थोडी दूर. गळीत हंगाम साधारण मार्च-एप्रिलात आटोपतो, आणि परतणाऱ्यांना पोहऱ्याची रामनवमी बहुधा वाटेतच सापडते.